माशाच्या तेलाची कहाणी



औषधाच्या दुकानात पिवळसर, पारदर्शक गोळ्यांची बाटली आपण पाहिली असेल. ‘माशाचे तेल, हृदयाला फार चांगले,’ असे सांगून ती विकली जाते. ही समजूत आली तरी कोठून?

सन १९७० मध्ये हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न ड्यूरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेले. मुलुख बर्फाचा, पीकपाणी कसले होणार? तिथल्या इन्युइट लोकांचे मुख्य अन्न सील, देवमासा आणि मासे. एवढी चरबी खाऊनही त्यांना हृदयविकार क्वचितच होतो, असे तेव्हा मानीत. या दोघांनी १३० इन्युइटांचे रक्त तपासले. त्यातील चरबीचे प्रमाण डेन्मार्कमधील लोकांपेक्षा कमी भरले. पुढे याचे श्रेय सागरी अन्नातील ओमेगा-३ या स्निग्धाम्लांना मिळाले, आणि गोळ्यांचा बाजार उभा राहिला.

पण नीट पाहा हं! तपासले ते रक्त. हृदयविकार कमी, ही माहिती आली जुन्या नोंदींतून. दूरदूरच्या वस्तीत, जिथे डॉक्टरच नाही, तिथे मरणाचे खरे कारण कोण लिहिणार? सन २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी जुना पुरावा पुन्हा चाळला. तेव्हा इन्युइटांनाही हृदयविकार इतरांसारखाच होतो, असे दिसले.

मग गोळीची परीक्षा कशी झाली? सन १९९९ मध्ये इटलीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,००० हून अधिक रुग्णांच्या पाहणीत तेल घेणाऱ्यांचे मृत्यू काहीसे कमी झाले. मात्र इतरांना तुलनेसाठी नुसती दिखाऊ गोळी दिलेली नव्हती. सन २०१८ मध्ये अमेरिकेतील २५,८७१ जणांच्या पाहणीचा निकाल आला. हृदयविकार नसलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम माशाचे तेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण माशाचे तेल नसलेली गोळी दिली होती. पाच वर्षांनी झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकूण संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. जास्त मात्रेने तर काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, असेही आढळले आहे.

तेव्हा बांगडा, तारली आवडत असेल तर खुशाल खा; तो चांगला आहार आहे. पण बाटलीच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नका, तंबाखू चालू ठेवू नका. अशी गोळी घ्यायचीच, तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि गुरुजी, ऐकीव गोष्ट व पारखलेली गोष्ट यांतला फरक मुलांना समजावताना ही कहाणी वर्गात अवश्य सांगा.