हेवी लायसनची दोन घराणी

वर्धा जिल्ह्यातून जड गाड्यांचे चार मोठे रस्ते जातात. हिंगणघाट-वडनेरवरून उतरणारा श्रीनगर-कन्याकुमारी, ज्याला आज ४४ क्रमांक आहे आणि जुनी माणसं अजून ‘सात नंबर’ म्हणतात. कारंजा (घाडगे) आणि तळेगाववरून अमरावतीकडे जाणारा जुना सहा नंबर, आताचा ५३. सेलू, वर्धा, देवळी करत यवतमाळला निघालेला नागपूर-तुळजापूर. आणि ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत खुला झालेला समृद्धी. या रस्त्यांवरून चंद्रपूरचं सिमेंट, वणीचा कोळसा, हिंगणघाटच्या रुईच्या गाठी, कारंजा-आष्टीची संत्री रात्रंदिवस वाहतात. वाहणाऱ्याच्या खिशात एक छोटं कार्ड असतं. सरकारी भाषेत ती ‘परिवहन वाहन चालवण्याची अनुज्ञप्ती’, गावात ‘हेवी लायसन’. घरात पोराचं हेवी लायसन झालं म्हणजे तो कमावता झाला, असा त्याचा अर्थ.

या कार्डाचं कूळ धुंडाळायला गेलं की दोन घराणी लागतात. एक कागदाचं, दुसरं रस्त्याचं. दोघांची सोयरीक कधी नीट जुळली नाही, आणि आज त्याची किंमत आपण मोजतो आहोत, असं मला वाटतं.

आधी रस्त्याचं घराणं, कारण ते वयाने मोठं. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवरून निघायचा. बंजाऱ्यांचे तांडे मीठ घेऊन यायचे आणि कापूस घेऊन पार मिर्झापूरपर्यंत जायचे. १८६७ मध्ये भुसावळकडून आलेली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे फाटा निघाला, आणि लांबचा माल रुळावर गेला. पण शेतातून जिनात, जिनातून स्टेशनात माल न्यायला बंडी लागायचीच. बंडीवाल्याकडे एक विद्या होती, जी कुठल्याही पुस्तकात नव्हती. माल मागे जास्त पडला तर बंडी उलाळ होते, जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त पडला तर सगळा भार त्यांच्या मानेवर. कुठे किती भरायचं, कुठला दोर आधी आवळायचा, नाल्याच्या उतारावर बैलांना कसं आवरायचं हे बाप पोराला शेजारी बसवून शिकवायचा. पुढे ट्रकवर लोड लावणाऱ्या माणसाच्या हातात जे ज्ञान दिसतं, ते मला याच बंडीवाल्याचं वाटतं.

कागदाचं घराणं दूर देशी जन्मलं. १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी मोटार हाकणाऱ्याला दाखला सक्तीचा केला. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने परवाना आणला, पण परीक्षा नव्हती. फी भरली की परवाना हातात. तिथे नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ साली. हिंदुस्थानभर लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात. या कायद्याने अठरा वर्षांखालच्याला गाडी चालवायला बंदी केली, परवाना आवश्यक केला, आणि तपशिलाचे नियम प्रांतिक सरकारांवर सोडले. तेव्हा मोटार म्हणजे साहेबाची किंवा शेठजींची. ती चालवणारा पगारी नोकर. कायद्याच्या मनात ट्रकवाला अजून आलेलाच नव्हता.

तो आला १९३९ च्या कायद्यात, आणि कसा आला ते पाहण्यासारखं आहे. १९३० च्या आसपास लॉऱ्या आणि बसगाड्या रेल्वेचं उत्पन्न खाऊ लागल्या होत्या. रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेचा अभ्यास करायला मिचेल आणि कर्कनेस या दोघांना नेमलं गेलं, पुढे वेजवुड समिती आली, आणि या चिंतेच्या छायेत १९३९ चा कायदा घडला. परमिट, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, आणि ज्याला आपण सगळे ‘आरटीओ’ म्हणतो ते कार्यालय, या साऱ्याचं मूळ तिथे आहे. त्याच कायद्याने दोन गोष्टी परवान्यावर स्पष्ट लिहायला लावल्या: हा माणूस पगार घेऊन गाडी चालवू शकतो का, आणि परिवहन वाहन चालवू शकतो का. परिवहन वाहनासाठी वीस वर्षांची अट घातली. ही वीस वर्षं आजही तशीच आहेत. मात्र चालक शिकणार कुठे, हा प्रश्न त्या कायद्याला फारसा पडला नाही. त्याचं सारं लक्ष गाडी कुठून कुठे जाईल यावर होतं.

ते शिक्षण रस्त्याच्या घराण्याने आपल्याकडे घेतलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लष्करात गाडी चालवायला शिकलेली माणसं घरी परतली आणि लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघाले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि पुढच्या दोन दशकांत मालवाहतूक हा मोठा धंदा झाला. प्रत्येक ट्रकवर दोन माणसं: ड्रायव्हर आणि क्लीनर. ड्रायव्हर म्हणजे उस्ताद. क्लीनर म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, शाळा सुटलेला, बहुतेक वेळा उस्तादाच्याच गावचा किंवा नात्यातला.

त्याचं शिक्षण चाकांपासून सुरू व्हायचं. टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावायचा. ताडपत्री बांधायची, रस्सा आवळायचा, ऑइल आणि पाणी बघायचं. गाडी मागे घेताना मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायचं आणि उस्तादाला आरशात न दिसणारं आपल्या डोळ्यांनी दाखवायचं. माझ्या मते या कामातच त्याला गाडीची लांबी-रुंदी अंगात मुरायची. आज शिकाऊ चालकाला सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट, की आपल्यामागे किती गाडी आहे याचा अंदाज येत नाही. मग कधीतरी धर्मकाट्यावर किंवा जिनाच्या आवारात गाडी दहा पावलं पुढे घ्यायला मिळायची. पुढे एखाद्या रात्री, सरळ मोकळा रस्ता बघून, उस्ताद म्हणायचा, “घे बे, धर स्टेरिंग. पन नजर लांब ठेव.” त्या काळच्या गिअरबॉक्सला गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागायचा. डबल क्लच बसला की पोरगा अर्धा ड्रायव्हर झाला, असं धरायचे.

हे सारं कायद्याबाहेरचं होतं. पोराकडे शिकाऊ परवाना नसायचा, वयही नसायचं. मार खाणं, उपाशी राहणं, महिनोन्‌महिने पगार न मिळणं हाही त्या शाळेचाच भाग होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास घालून दिले; रस्त्यावर ते तास कोण मोजणार? शिवाय उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही उतरायच्या. तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे. डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडून उतरवायची, ही युक्ती गुरूकडून शिष्याकडे अभिमानाने जायची. भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये उतरला की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे सांगणारे उस्तादही होतेच. तुमच्या वाट्याला कोणता येईल हे नशिबावर.

कागदाच्या घराण्याने शिक्षणाकडे खरं लक्ष दिलं ते १९८८ च्या कायद्यात. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि वर्ध्याच्या गाड्यांवर एमएच-३२ आलं तेही त्यानंतर. आज हेवीची वाट याच कायद्याने ठरते. आधी हलक्या मोटार वाहनाचा परवाना, तो किमान एक वर्ष हातात असायला हवा. मग वय वीस पूर्ण झाल्यावर परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र, आणि महिन्यानंतर परीक्षा. केंद्रीय नियमांनी शिक्षणाचं मापही ठरवलं: जड वाहनासाठी तीस दिवस आणि त्यात प्रत्यक्ष हातात स्टेअरिंग किमान पंधरा तास. परीक्षा ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवा त्याच प्रकारच्या वाहनावर द्यायची. वीस वर्षांच्या पोराने ट्रक आणायचा कुठून? म्हणून स्कूलकडे प्रत्येक प्रकारची गाडी स्वतःच्या मालकीची आणि दुहेरी नियंत्रणाची असली पाहिजे, असा नियम आहे. गावोगावच्या ट्रेनिंग स्कूलसमोर उभा असलेला तो ‘एल’ लिहिलेला जुना ट्रक हा या नियमाचा वंशज. तो बहुधा रिकामा असतो. रिकाम्या ट्रकचा ब्रेक आणि वीस-पंचवीस टन भरलेल्या ट्रकचा ब्रेक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर पंधरा तासांत शिकवलं जात नाही.

कागद मात्र सारखा बदलत राहिला. नोव्हेंबर १९९४ पासून मध्यम मालवाहू, जड मालवाहू, मध्यम प्रवासी, जड प्रवासी हे चार वेगळे वर्ग काढून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग झाला. त्यातून विमा कंपन्या आणि अपघातग्रस्तांची कुटुंबं यांच्यात वर्षानुवर्षं खटले चालले: हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने छोटा मालवाहू टेम्पो चालवला तर विमा मिळणार की नाही? ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोच्या आतलं परिवहन वाहन हलक्या परवान्यावर चालवता येईल. हेवीची खरी वेस आता या वजनाशी आहे. त्याआधी २०१९ मध्ये आठवी पासची अट काढली गेली. हजारो अनुभवी क्लीनर त्या एका अटीमुळे परवान्यावाचून अडकले होते, त्यामुळे तो निर्णय मला न्यायाचाच वाटतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परिवहन परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

कागदाच्या घराण्याचं एक मोठं श्रेय सांगितलं पाहिजे. रस्त्याच्या शाळेत मुलगी कधीच शिरू शकली नसती. ट्रकवर क्लीनर म्हणून पोरीला कोण पाठवणार? पण नियमांत स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. २०१९ च्या सुमारास एसटीने महिला चालक घ्यायचं ठरवलं तेव्हा हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा धरून हेवीचं शिक्षण स्वतः दिलं, आणि शेजारच्या यवतमाळच्या आदिवासी तरुणींसाठीही तसं प्रशिक्षण सुरू झालं. शिकवण्याची जबाबदारी एखाद्या संस्थेने अंगावर घेतली की काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

इकडे रस्त्याची शाळा बंद पडते आहे. भाडं परवडत नाही म्हणून मालक क्लीनर ठेवत नाहीत. पोरंही त्या कामाला यायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या माल वाहतूकदारांनी संप केला, त्यात जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती रद्द करा, ही एक मागणी होती. ट्रकमालकाच्या हिशेबात ती रास्त असेल. पण क्लीनरबरोबर उमेदवारीही जाते, याची नोंद त्या वाटाघाटीत झाल्याचं मी कुठे वाचलं नाही.

नव्या शाळेचा आराखडा मात्र कागदावर आहे. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची कल्पना आहे: जड वाहनासाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक, सहा आठवड्यांत अडतीस तासांचा अभ्यासक्रम, आणि तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओच्या वेगळ्या परीक्षेतून सूट. वर्धा जिल्ह्याला याची निकड आहे. सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं; ते पूर्ण भरात आलं की कंटेनर ओढणारे लांब ट्रेलर या गावरस्त्यांवर वळू लागतील. समृद्धीवर तासन्‌तास सरळ चालणारी गाडी वेगळंच कौशल्य मागते: झोप ओळखण्याचं, टायर तापल्याचं जाणण्याचं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस जळून पंचवीस जण गेले. त्यात वर्ध्याची माणसं होती.

दोन एकर जागा मिळेल, सिम्युलेटरही येईल. शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. ट्रेनिंग स्कूलच्या प्रशिक्षकासाठी केंद्रीय नियमात दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र, असं लिहिलेलं आहे. हिंगणघाटच्या गाठी तीस-चाळीस वर्षं वाहून घरी बसलेला जो उस्ताद आहे, ज्याने आपल्या हाताखाली दहा क्लीनर ड्रायव्हर केले, तो बहुधा सातवी-आठवीच्या पुढे गेलेला नाही. गाडी चालवायला आठवीची अट काढली, तशी शिकवायच्या दहावीच्या अटीलाही अनुभवाचा पर्याय ठेवता येईल. त्याची तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी, न्यूट्रलमध्ये घाट उतरवणाऱ्याला नापास करावं, आणि बाकीच्यांना भरलेल्या ट्रकमध्ये शिकाऊ पोरांच्या शेजारी बसवावं.