सुर्वे, पूजा
ठाणे येथील रिदमिक जिम्नॅस्ट व प्रशिक्षक. १३ मीटर लांबी-रुंदीच्या गालिच्यावर, वैयक्तिक प्रकारात कमाल दीड मिनिटात, संगीताच्या तालावर हूप, चेंडू, क्लब (मुद्गलासारखी जोडी) किंवा रिबन हाताळत सादर होणारा हा क्रीडाप्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असून तेथे तो केवळ महिलांसाठी आहे. सहा मीटरची रिबन क्षणभरही निश्चल राहिली वा तिला गाठ पडली, तर गुण कापले जातात. म्हणून मनगटाचा सराव अत्यंत चिकाटीने करावा लागतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केल्यानंतर सुर्वे ठाण्यातच प्रशिक्षणाकडे वळल्या आणि त्यांची शिष्या संयुक्ता काळे हिने जून २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदके पटकावली, हे त्यांच्या कारकिर्दीतील विशेष मोलाचे यश होय.