रिसाल्यांचा पोलो चषक

हिंदुस्थानात तळ देऊन असलेल्या ब्रिटिश रेजिमेंटांची वार्षिक पोलो स्पर्धा 1877 मध्ये सुरू झाली. इंग्लंडात हर्लिंगहॅमच्या मैदानावर तशी स्पर्धा भरली ती वर्षभराने, 1878 मध्ये. हा क्रम स्वाभाविकच होता, कारण खेळच इकडून तिकडे गेला होता. मणिपुरात तो सगोल कांगजेई या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. काछाडातील चहामळेवाल्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी तो उचलला व 1859 मध्ये सिलचरला क्लब काढला. 1862 मध्ये कलकत्त्याचा क्लब निघाला. 1869 मध्ये ऑल्डरशॉटच्या छावणीतील दहाव्या हुसार रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांनी या खेळाचे वर्णन वाचले आणि लगेच घोडे काढून तो करून पाहिला. पुढे हाउन्स्लोच्या माळावर याच मंडळींचा नवव्या लान्सर्सशी सामना झाला, तेव्हा एकेका बाजूला आठ गडी होते. ही संख्या नंतर चारवर आली आणि गर्दीच्या झटापटीला डावपेचांचे रूप आले.

घोडदळाने पोलो आपला मानला यात नवल नाही. भरधाव घोड्यावर तोल सांभाळणे, एका हाताने लगाम धरून दुसऱ्याने फटका मारणे, क्षणात वळणे आणि जोडीदार कुठे असेल हे न पाहता ओळखणे, हे सारे लढाईतही लागत असे. शांततेच्या काळात रेजिमेंटची इभ्रत मोजण्याचे दुसरे साधनही फारसे नव्हते. त्यामुळे आंतर-रेजिमेंट चषक हा अधिकाऱ्यांच्या मेसमधील सर्वांत मोठा मान ठरला.

या चषकाचा इतिहास मात्र खेळाडूंइतकाच तट्टांचा आहे. एका गड्याला एका सामन्यात अनेक तट्टे बदलावी लागत. त्यांच्या उंचीला मर्यादा होती. 1892 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पोलो असोसिएशनने खेळाच्या नियमांना देशभर एकसूत्रीपणा आणला. इंग्लंडहून नव्याने आलेल्या रेजिमेंटला चांगली तट्टे जमवून ती शिकवण्यात दोन-तीन वर्षे सहज जात, आणि तोवर ती चषकाच्या आसपासही फिरकत नसे. पैसा, वेळ आणि मोतद्दारांची मेहनत या तिन्हींवर निकाल ठरत असे.

पैशाचे हे महत्त्व खोटे पाडले ते पायदळाने. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनने 1896, 1897 आणि 1898 अशी सलग तीन वर्षे घोडदळाच्या नाकावर टिच्चून हा चषक जिंकला. त्यांचा कप्तान बोव्हॉर द लील. श्रीमंत रेजिमेंटांसारखी तयार तट्टे विकत घेण्याची ऐपत या पलटणीची नव्हती. द लीलने स्वस्तात कच्ची तट्टे घेतली आणि ती स्वतः शिकवली. चौघांनी एकमेकांच्या जागा कशा भरायच्या, चेंडू कुणी सोडायचा आणि कुणी घ्यायचा, याची त्याने कवायतीसारखी तालीम करून घेतली. आपले अनुभव त्याने 1897 मध्ये पुस्तकरूपाने मांडले. चषकाच्या साऱ्या इतिहासात या तीन विजयांइतकी मोलाची कामगिरी दुसरी सापडणे कठीण.

डरहॅमची सद्दी संपता संपता पुढे आली ती चौथी हुसार रेजिमेंट. या कथेचा एक धागा मुंबई-पुण्याचा आहे. ऑक्टोबर 1896 मध्ये ही रेजिमेंट मुंबईला उतरली. ससून डॉकच्या पायऱ्यांशी होडी लागताना तरुण अधिकारी विन्स्टन चर्चिल याने भिंतीतील लोखंडी कडे पकडले, लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा त्याला जन्मभर छळत राहिला. तट्टांसाठी दोन-तीन वर्षे थांबण्याची या रेजिमेंटची तयारी नव्हती. चर्चिलने आपल्या आठवणींत जिला ‘पूना लाइट हॉर्स’ म्हटले आहे, त्या पुण्याच्या रिसाल्याची पोलोची अख्खी पागाच, पंचवीस तट्टे, तिने विकत घेतली. अरब घोडे आणि तट्टे मुंबईत भायखळ्याच्या तबेल्यांत उतरत. पुणे जवळ असल्याने तिथल्या रिसाल्याला निवडक जनावरे आधी मिळत. या शिकलेल्या तट्टांच्या बळावर हुसारांनी हैदराबादेत निजामाच्या गोवळकोंडा ब्रिगेडला 9-3 असे हरवले आणि मुंबईला उतरल्यापासून पन्नास दिवसांच्या आत गोवळकोंडा चषक जिंकला.

आंतर-रेजिमेंट चषकाला मात्र 1899 साल उजाडावे लागले. चर्चिल मधल्या काळात सुदानच्या मोहिमेवर जाऊन आला होता आणि लष्कर सोडण्याच्या बेतात होता. या स्पर्धेसाठी म्हणून तो पुन्हा हिंदुस्थानात आला. रेजिमेंटची छावणी बंगळूरला होती; तिथून तट्टे रेल्वेने हजार मैलांहून अधिक अंतर तोडून उत्तरेत नेण्यात आली. वाटेत संघ जोधपूरला तिथल्या राजघराण्यातील सर प्रताप सिंहांचा पाहुणा होता. तिथे चर्चिल जिन्यावरून पडला आणि तोच खांदा पुन्हा निखळला. दंड शरीराला पट्ट्याने बांधून तो मेरठच्या मैदानावर उतरला. होअर, अल्बर्ट सॅव्हरी आणि रेजिनल्ड बार्न्स हे त्याचे जोडीदार. अंतिम सामन्यात त्यांनी चौथ्या ड्रॅगून गार्ड्सना 4-3 असे हरवले. दक्षिणेतील छावणीच्या घोडदळ रेजिमेंटने चषक नेण्याची ही पहिलीच वेळ.

तो संघ पुन्हा कधी एकत्र खेळला नाही. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. त्यात सॅव्हरी मारला गेला आणि बार्न्स गंभीर जखमी झाला.

चषकाचा खरा आधार तुटला तो घोडदळच मोटारींवर गेल्याने. 1938 मध्ये सिंध हॉर्स आणि तेराव्या लान्सर्सपासून भारतीय रिसाल्यांचे यांत्रिकीकरण सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धात पागा रिकाम्या झाल्या. ज्या तट्टांच्या जोरावर रेजिमेंटा मेरठला जात, ती पोसण्याचे लष्करी कारणच उरले नाही. संस्थानी फौजांमधील घोडदळ एकत्र करून 1953 मध्ये 61 कॅव्हलरी उभारण्यात आली आणि लष्करातील पोलोची परंपरा मुख्यतः तिच्याकडे आली. तिचे ठाणे जयपूरला आहे.