भोपळ्यावर बसलेला हात

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. तो शस्त्रक्रियेच्या सरावाचा. छेद घ्यायला शिकायचे ते भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके घालायला कापडावर आणि मऊ चामड्यावर. शास्त्र कितीही पढलेला असो, ज्याने सराव केला नाही तो शिष्य कामाला अयोग्य, असे तिथे स्पष्ट बजावले आहे. या यादीतले शहाणपण मला थक्क करते. देठ माणसासारखा दिसत नाही, पण सुईखाली शिरेसारखा लागतो.

मात्र भोपळ्यावर बसलेला हात रुग्णावरही तसाच चालतो का, हे काटेकोर मोजून पाहायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. निमित्त झाले दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. काही वर्षांतच ही पद्धत सर्वत्र पसरली आणि सुरुवातीला पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. हात डावीकडे नेला की पोटातले अवजाराचे टोक उजवीकडे जाते, आणि सपाट पडद्यावर खोली कळत नाही. हे रुग्णाच्या पोटात शिकणे क्रूरच होते.

मग सिम्युलेटर आले. जाणत्या सर्जनला त्यावर नवख्यापेक्षा जास्त गुण मिळतात, हा पुरावा बरेचदा पुरेसा मानला गेला. मला तो अपुरा वाटतो. यंत्र जाणता ओळखते, एवढेच त्यातून कळते. ते जाणता घडवते का, हे कळत नाही.

खरी कसोटी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नील सेमूर, अँथनी गॅलाघर, रिचर्ड सटावा आणि सहकाऱ्यांनी १६ निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने ‘मिस्ट-व्हीआर’ या सिम्युलेटरवर जादा सराव केला. त्या पडद्यावर पित्ताशय नव्हतेच, होते नुसते भौमितिक आकार! नंतर सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नसलेल्या सर्जननी चित्रफिती तपासल्या. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर उरकले. इतरांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती.

१६ डॉक्टर आणि एकच शस्त्रक्रिया, म्हणजे हा पुरावा तेवढ्यापुरताच. दुसरे यंत्र, दुसरी शस्त्रक्रिया आली की तपासणी पुन्हा हवी. त्या प्रयोगात सरावाचे तासही ठरवलेले नव्हते: अनुभवी सर्जनच्या गुणांची पातळी गाठेपर्यंत सराव थांबवायचा नव्हता.