बहिणाबाईंचे आत्मनिवेदन
संत तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांचे अभंगबद्ध आत्मचरित्र. स्त्रीने स्वतःची जीवनकथा स्वतः सांगितल्याचे प्राचीन मराठी वाङ्‌मयातील हे एक विरळ उदाहरण होय.

बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळील देवगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणीच त्यांचा विवाह वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या बिजवराशी झाला. गाव सोडून हे कुटुंब पुढे कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींची कीर्तने ऐकून बहिणाबाईंना तुकारामांच्या दर्शनाचा ध्यास लागला. तुकारामांनी स्वप्नात अनुग्रह दिला, असे त्या सांगतात. शूद्र गणल्या गेलेल्या संतास ब्राह्मण स्त्रीने गुरू मानावे, हे पतीस असह्य झाले. त्याने केलेली मारहाण, जिवापाड जपलेल्या वासराचा मृत्यू, स्त्रीजन्मामुळे नाकारलेला वेदाधिकार व त्यामुळे परमार्थाविषयी वाटणारी निराशा ही सर्व त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदविली आहेत. पुढे आजारपणानंतर पतीचे मन पालटले व उभयता देहूस गेली.

पतिव्रताधर्माची चौकट बहिणाबाईंनी मोडली नाही. पतिसेवा व विठ्ठलभक्ती यांचा मेळ त्यांनी संसारातच घातला. तथापि त्यासाठी सोसलेली ओढाताण त्यांनी झाकली नाही. दुःखाचा असा स्पष्ट उच्चार आधी झाल्यामुळेच त्यांनी वर्णिलेली गुरुकृपा व श्रद्धा वाचकास विश्वसनीय वाटते. अंतकाळी पुत्र विठोबास त्यांनी आपल्या पूर्वजन्मांचीही कथा सांगितली. जस्टिन ॲबट यांनी केलेला या रचनेचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.