बराकीत संसार मावत नाही

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर तीन’ किंवा ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात. हा कॅम्प मुळात लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळावर सैन्यासाठी दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या. पुढे फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथं आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली.

त्या लांबलचक बराकींत निर्वासितांनी पडदे टांगून आडोसे केले, कारण बराक ही शिपायाच्या खाटेसाठी असते, संसारासाठी नसते. मग शिपायाचा संसार राहतो कुठं?

कंपनी सरकारच्या काळात हिंदी शिपायाला घर मिळत नसे. ‘लाइनी’त त्यानं स्वतःच माती-गवताची झोपडी बांधायची. त्यासाठी सरकार थोडी रक्कम देई, ती बहुधा अपुरी पडे. पलटण हलली की झोपडी मागं राही आणि नव्या ठाण्यावर पुन्हा चिखल तुडवणं आलं. आजच्या घरभाडे भत्त्याचा हा दूरचा पूर्वज म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था सुधारली. सरकारी क्वार्टर मिळालं तर भत्ता नाही आणि क्वार्टर नसेल तर त्याबदली रक्कम, असं तत्त्व ठरलं. पण जवानांच्या बाबतीत एक मेख होती. विवाहितांची ‘मंजूर संख्या’ ठरलेली असे आणि मोबदला तेवढ्यांपुरताच. लग्न झालेलं, मुलंबाळं असलेली, तरी संख्येबाहेरचा जवान वंचित राही. सातव्या वेतन आयोगानं २०१५ च्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं आणि ही मर्यादा काढण्याची शिफारस केली. दरम्यान २००२ पासून सुमारे दोन लाख घरं बांधण्याचा लष्करी प्रकल्पही सुरू झाला होता.

आता हिशेब पाहू. भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत आणि शहराच्या वर्गानुसार मिळतो. जुलै २०१७ पासून तो २४, १६ आणि ८ टक्के होता. महागाई भत्ता वाढत गेला तसे हे दरही वाढले आणि जानेवारी २०२४ पासून ३०, २० आणि १० टक्के झाले. ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हे सारं बृहन्मुंबई समूहात, म्हणजे वरच्या वर्गात मोडतं. मूळ वेतन ३० हजार असेल तर या दरानं इथं ९ हजार रुपये, खेड्यात ३ हजार. सीमेवर नेमणूक असलेल्या जवानालाही कुटुंब राहतं त्या ठिकाणासाठी भत्ता मिळण्याची तरतूद आहे.

मात्र भत्ता पगार पाहतो, घरातली माणसं मोजत नाही. तरुण जवानाची तीन मुलं असली तरी टक्केवारी तीच. अनामत रक्कम, दलाली, अकरा महिन्यांचा करार संपल्यावर पुन्हा सामान बांधणं, यांचा त्यात वेगळा हिशेब नाही. डोंबिवलीत भाड्याची खोली शोधत फिरणारी जवानाची पत्नी हे सारं बहुधा एकटीच निभावते. उद्या ती आपल्या दाराशी घर विचारायला आली, तर ‘साहेब कुठं आहेत?’ हा प्रश्न जरा उशिरा विचारावा.