२७ मे : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी स्मृतिदिन (१९९४)

जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखने देव ही मानवाची निर्मिती मानली, मार्क्सने धर्माची मुळे समाजव्यवस्थेत शोधली. धर्म इतिहासातून घडतो, ही दृष्टी साताऱ्याच्या वाईत, प्राज्ञपाठशाळेत न्याय-वेदान्त शिकलेल्या तर्कतीर्थांनी निर्भयपणे हिंदू परंपरेला लावली. १९३३ मध्ये महात्मा गांधींचे पुत्र देवदास आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी (राजाजी) यांची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनीच केले. पुढे त्यांचा ‘हिंदुधर्माची समीक्षा’ हा ग्रंथ आला. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक होते. त्यांचे समकालीन असलेल्या, शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या आचार्य शं. द. जावडेकरांनी मार्क्स आणि गांधी यांच्या विचारांची सांगड घातली. या दोघांचे ग्रंथ आजच्या तरुणांनी आवर्जून वाचावेत.